घरचं वीज मंडळ : स्थापना, कारभार आणि जनसुनावणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळशाच्या माजरीत घरावर सोलर बसवायचं ठरलं की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "काहून भाऊ, कोळसा संपला का?" या प्रश्नाचं उत्तर अर्ज भरण्याआधीच तयार ठेवावं. उत्तर असं : खुद्द कोल इंडियानेच ३००० मेगावॉट सौर वीज उभी करायचं ठरवलंय, आणि इथल्या खाणी चालवणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) ही त्याच कोल इंडियाची लेक. मालकच उन्हाकडे वळला असेल तर आपण कोण? शेजारी यावर "हो जी" म्हणेल आणि तुमच्या स्लॅबकडे बघत उभा राहील. त्याला उभं राहू द्यावं. पुढे प्लेटा धुवायला माणूस लागणारच आहे.

आता मुख्य विषय. सोलर विकणारा तुम्हाला युनिटं सांगतो, अनुदान सांगतो, पंचवीस वर्षांची वॉरंटी सांगतो. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. घरात बॅटरी आली त्या दिवशी तुमचं ग्राहकपण संपतं आणि तुम्ही स्वतः वीज मंडळ होता. आजवर लाईन गेली की शिव्या घालायला दूर कुठेतरी एक कार्यालय होतं. आता ते कार्यालय तुमच्या जिन्याखाली आहे, शाखा अभियंता तुम्ही आहात आणि तक्रारदार तुमच्याच ताटात जेवतात. प्रस्तुत मार्गदर्शिका या नव्या पदभारासाठी आहे.

पदभार स्वीकारण्याआधी आपली स्थापित क्षमता जाणून घ्यावी. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. तुमचं ३ किलोवॉटचं. म्हणजे त्याचा पावणेदहा लाखांतला एक भाग. एवढ्या क्षमतेवर रुबाब किती करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण नावाची पाटी लावू नये. १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरली तर तुमची रोज बारा होतात. सरकारचं अनुदानही याच मापाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्याला एकूण ७८,००० रुपये. योजनेच्या नावात 'मुफ्त बिजली' आहे. त्यावर विसंबून बिलाचा कागद फाडू नये. एक युनिटही वापरलं नाही तरी स्थिर आकार येतोच. आणि अनुदान आहे ते छतावरच्या यंत्रणेला. बॅटरीचा खर्च तुमचा, तिचं दुःखही तुमचं.

नव्या मंडळाला पहिला धक्का साधारण पहिल्याच आठवड्यात बसतो. भर दुपार, ऊन रणरणतंय, प्लेटा चमकताहेत आणि घरात पंखा बंद. गावाची लाईन गेली आणि तिच्यासोबत तुमचं सोलरही गेलं. घरची मंडळी तुमच्याकडे बघतात. अशा वेळी चेहरा न पाडता समजावून सांगावं, की साधं ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईनच्या आधारानेच चालतं. लाईन गेली की त्याने बंद पडायचं हा नियम आहे, आणि नियमामागे माणूस आहे. डीपीचा डीओ फ्यूज उडालेला असतो, लाईनमन खांबावर चढलेला असतो आणि तार मेलेली आहे असं त्याने धरलेलं असतं. तुमच्या छतावरून त्या तारेत वीज शिरली तर काय होईल ते आजीलाही कळतं. आजी म्हणेल, "मंग थे लाईनमनसाठी लावलं का?" या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणूनच लोक हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतात, आणि तिथून मंडळाचा खरा कारभार सुरू होतो.

कारभाराआधी छताचा ताबा घ्यावा लागतो, आणि तो सोपा नाही. उन्हाळ्यात स्लॅबवर पहिला हक्क वाळवणाचा. कुरोड्या, शेवया, सांडगे, मूग वड्या ही जुनी कुळं आहेत. त्यांना बेदखल करू पाहणारा मंडळप्रमुख रात्रीच्या जेवणाला मुकतो. तडजोड म्हणून प्लेटांचा सांगाडा उंच घ्यावा आणि वाळवणाला दक्षिणेची मोकळी पट्टी द्यावी. प्लेटांचं तोंड दक्षिणेला, कल साधारण वीस अंश, कारण माजरी जवळपास विसाव्या अक्षांशावर बसलेली आहे. २० मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. डिसेंबरात मात्र तो इतका खाली उतरतो की मीटरभर उंच कठड्याची सावली मीटरभर लांब पडते. ती एका प्लेटेच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या रांगेचं उत्पादन घसरतं. तेव्हा पाण्याची टाकी, डिशची छत्री आणि शेजाऱ्याचा मुंगना यांची पाहणी मे महिन्यात न करता डिसेंबरात करावी. वानरांची पाहणी करण्याची गरज नाही. ती स्वतः येतात, प्लेटेवर बसून तुमची पाहणी करतात आणि शेपटी खाली सोडून निवांत मुंगन्याच्या शेंगा खातात. वानराची सावली अनुदानातून वजा होत नाही.

यानंतर धूळ. इतर गावात धूळ ही मातीची असते. माजरीत ती काळी असते आणि तिला वेळापत्रक असतं. खाणीत ब्लास्टिंग झालं, साइडिंगवर कोळसा भरला गेला, रस्त्याने ताडपत्री न बांधलेला ट्रक गेला, की थोड्या वेळाने प्लेटेवर बोट फिरवून पाहावं. बोटाला लागतं ते काजळ. धूळ धुवायची तर पहाटे, काच थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते. घासायला मऊ फडकं घ्यावं. तारेची घासणी हाती घेणाऱ्याच्या हातून ती काढून घ्यावी, मग ती आई का असेना. धुतल्यावर पन्हाळीतून उतरणारं पाणी शाईसारखं काळं असतं आणि ते नेमकं शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या बनियनवर जातं. पाण्याची दिशा आधी बघून घ्यावी. कोळशाची वीज नको म्हणून सोलर लावलं आणि कोळसा पाण्यातून शेजाऱ्याकडे पाठवला, असा ठपका ग्रामपंचायतीपर्यंत जाऊ शकतो.

चंद्रपूर जिल्ह्याचं ऊन देशात गाजलेलं. पारा ४७ च्या पुढे गेला की सोलरवाल्याला वाटतं, आता आपली दिवाळी. वाटू द्यावं, पण मोबाइलवरचं ॲप उघडू नये. प्लेटेला उजेड हवा असतो, ताप नको असतो. तिची कागदावरची क्षमता २५ अंशांना मोजलेली. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला ती सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के काम कमी करते. मेच्या दुपारी प्लेट स्वतः ६५ अंशांच्या पुढे जाते, म्हणजे चौदा ते सोळा टक्के वीज नुसत्या तापात जाते. फेब्रुवारीतल्या स्वच्छ थंड दुपारी तीच प्लेट जास्त जोमाने चालते, पण तेव्हा कूलर पोत्यात गुंडाळून माळ्यावर असतो. पुरवठा आणि मागणी यांचं हे वैर मोठ्या मंडळांनाही सुटलेलं नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नये.

आता बॅटरी. हिचा हिशेब सर्वांसमोर, मोठ्याने आणि एकदाच करावा. १५० ॲम्पिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिटं. पण अर्ध्याखाली रिकामी केली तर शिसे-आम्लाची बॅटरी लवकर मरते, म्हणून हाती उरतात १.८. एक कूलर २०० वॉट खातो. नऊ तास चालला की १.८ युनिटं संपली. म्हणजे रात्री लाईन गेली तर तुमच्या मंडळाकडे नेमका एक कूलर आहे. पंखा नाही, दिवा नाही, मोबाइलचं चार्जिंग नाही. एक कूलर, आणि घरात माणसं सहा.

इथे भारनियमन अटळ आहे. पूर्वी महावितरणने गळती आणि वसुली पाहून भागांचे गट पाडले होते, ए पासून जी-३ पर्यंत. ज्याची वसुली चांगली त्याला वीज जास्त. हीच पद्धत घरी लावावी. आजी गट ए, कारण ती काही मागत नाही आणि सगळं मिळवते. वडील गट बी. धाकटी मुलगी दहावीला असेल तर परीक्षेपर्यंत ए, निकालानंतर ई. मोठा मुलगा रात्री दोनपर्यंत फोनवर मॅच बघतो, त्याची वसुली शून्य, गळती भरपूर; तो जी-३. सौभाग्यवतींचा गट ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही. राज्यात वीज नियामक आयोग असतो, घरात त्या असतात. मंडळाने प्रस्ताव मांडायचा, आदेश त्यांनी द्यायचा.

आदेशापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. ती बहुधा रात्री साडेअकराला, अंधारात, कूलरच्या तोंडाशी होते. तिचं स्वरूप साधारण असं असतं :

"बाबा, कूलर माह्याकडे फिरवा ना जी."

"आजीकडे राहू दे."

"आजीनं तं चादर घेतली हाय."

"मले थंडी नाही वाजत," आजी चादरीतून म्हणते. "पण फिरवू नको."

सुनावणीत हरकती नोंदवून घ्याव्यात आणि कूलर होता तिथेच ठेवावा. हीच प्रशासकीय परंपरा आहे.

चोरीबाबत कडक राहावं. बॅटरीवर कोणत्या बोर्डाची लाईन आहे हे वायरमन तुम्हाला सांगतो, आणि मुलगा ते मागे उभा राहून ऐकतो. पंधरवड्याने कॉलेजच्या सकाळी त्याच सॉकेटला इस्त्री लागते. इस्त्री १००० वॉट, पाणी तापवायचा रॉड १५००, मिक्सर ५०० च्या वर, आणि टुल्लू पंप सुरू होताना काही क्षण आपल्या नेहमीच्या मापाच्या कित्येक पट ओढतो. इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिट्टी वाजवतो. ही शिट्टी साऱ्या घराला ऐकू जाते, पण इस्त्री करणाऱ्याला जात नाही. भरारी पथक नेमायचं असेल तर आजीला नेमावं. तिला दिसतं कमी, पण सॉकेटचा खटका ऐकू येतो.

पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरची एक पेटी पाच युनिटांची, आणि तिच्यातली चार तरी निर्धास्त वापरता येतात. पाणी घालावं लागत नाही. मात्र तिच्या येण्याने भांडणं संपतील असं मानू नये. चार युनिटं झाली की घरात दुसरा कूलर येतो.

ट्यूब्युलरच असेल तर तिचं पाणी हा वेगळा संस्कार आहे. डिस्टिल्ड पाणीच घालावं. बोअरचं नको, आरओचं नको, आणि आईच्या देवघरातलं गंगाजल तर नकोच, भावना कितीही चांगली असो. देवघराचा विषय निघालाच आहे तर : चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते, तेव्हा तिला समई-उदबत्तीच्या शेजारी बसवू नये. टिनाच्या खोलीतही नको. तिला पंचवीस अंशांचं हवामान मानवतं. त्याच्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. घरातली सगळ्यात थंड, हवेशीर जागा तिला द्यावी. ती जागा बहुतेक घरांत वडिलांच्या खाटेची असते. हा प्रश्नही आयोगाकडे पाठवावा.

नेट मीटरचं सांगायचं तर थोडक्यात : दिवसा तुमची उरलेली वीज लाईनवर जाते, रात्री तुम्ही तेवढी परत घेता, वजाबाकी बिलावर येते. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. तेव्हा उरलेल्यांना मिळणारा भाव आपण देतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. म्हणून मार्चमध्ये काही गृहस्थांना एकाएकी दानत सुचते आणि ते पाहुण्यांना गिझरने अंघोळ घालतात. पुण्य पुण्य असतं, कारणं विचारू नयेत.

सोलरची बातमी गावात पसरली की आणखी एक वर्ग तयार होतो. लाईन गेली की संध्याकाळी गल्लीतली चार-सहा मुलं फोन आणि चार्जर घेऊन ओट्यावर येतात. त्यांना नाही म्हणू नये. एक फोन भरायला युनिटाचा जेमतेम चिमूटभर भाग लागतो, आणि त्या बदल्यात तुमच्या घरी कुणाचं काय चाललंय हे अख्ख्या माजरीला कळतं, तसंच माजरीचं तुम्हाला. फक्त पॉवर बँक आणणाऱ्याला दारातूनच वळवावं. तो पुन्हा येईल, मोठी घेऊन.

शेवटी व्यवहाराचं. प्लेटा पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर पाच ते दहा, ट्यूब्युलर बॅटरी तीन ते पाच. म्हणजे दहावीच्या मुलीसाठी घेतलेली बॅटरी ती पदवीधर होईपर्यंत बदलायला येते. त्यासाठी दर महिन्याला वाचलेल्या बिलातून काही रक्कम बाजूला टाकावी, नाहीतर ती कूलरच्या हप्त्यात जाते. छत स्वतःचं असेल आणि बिल दोनशे-तीनशे युनिटांचं येत असेल तर प्लेटा बिनधास्त लावा. बॅटरी घेण्याआधी मात्र एका रात्री मेन स्विच स्वतः बंद करून घरात कोण काय मागतं ते लिहून काढा, आणि तेवढ्याच मापाची घ्या. आणि लाईनमनचा नंबर फोनमधून काढू नका. आषाढात तीन दिवस सूर्य दिसला नाही की तुमचं मंडळ बंद असतं, तेव्हा तोच लागतो. त्याला दिवाळीत चिवडा द्यायला विसरू नका.