रिग्रेशनचा तक्ता: नवशिक्यांसाठी पाच सोप्या युक्त्या

समजा, तुमच्या थिसिसचा विषय आहे इंदूरच्या घरांचा शेवेवरचा महिन्याचा खर्च. (या शहरात याहून गंभीर विषय नाही.) तुम्ही दारोदार फिरलात, दर घरी पोहे खाल्लेत, फॉर्म भरून आणलेत. आता फक्त तक्ता मांडायचाय. घाबरू नका.

१. विभागांना नंबर द्या: रामबाग १, पलासिया २, विजयनगर ३. तेच नंबर रिग्रेशनमध्ये ढकला. उत्तर येईल, 'विभाग: ४०'. म्हणजे रामबागेतून पलासियाला गेलं की शेव ४० रुपयांनी वाढते आणि विजयनगरला गेलं की आणखी बरोब्बर ४०ने. रिक्षाचं भाडंसुद्धा इतक्या शिस्तीत वाढत नाही.

२. गाईडनी 'डमी करा' (घर त्या विभागातलं तर १, नाहीतर ०) म्हटलंच, तर तिघांचे तीन करा. दर घरासाठी तिन्हींची बेरीज १ येते आणि तो १ स्थिरपदात आधीच बसलेला असतो. मग सॉफ्टवेअर एकाला गुपचूप बाहेर काढतं. कुणाला, ते विचारू नका. दुसऱ्याच्या घरगुती भानगडीत पडू नये.

३. संदर्भगट, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो, संगणकालाच निवडू द्या. 'आर' वर्णानुक्रमातला पहिला घेतं, म्हणजे पलासिया. एसपीएसएसचं जीएलएम शेवटचा घेतं, म्हणजे विजयनगर. डेटा तोच, मोजपट्ट्या दोन. तुमच्या डोक्याला ताप नाही.

४. संदर्भगटाची ओळ तक्त्यातून उडवा. बाकीच्यांना 'विभाग_२', 'विभाग_३' म्हणा आणि पुढे '६५' लिहून दोन तारे लावा. वाचक परिशिष्ट धुंडाळेल. बिचाऱ्याला तेवढाच व्यायाम.

५. कुठल्या गटात किती घरं, हे कळू देऊ नका. रामबागेत चारच सापडली? मग तिलाच संदर्भ करा. दर तुलनेतली प्रमाणत्रुटी फुगेल, तारे मावळतील आणि 'विभागाचा परिणाम नाही' असं ठणकावून लिहिता येईल. सगळे डमी एकदम तपासणारी एफ-चाचणी असते म्हणे. आपल्याला माहीत नाही.

एवढं करूनही व्हायवात एखादे सर चष्मा कपाळावर सरकवून विचारतात: "६५ जास्त, पण कुणापेक्षा?" या प्रश्नावर अजून युक्ती सापडलेली नाही. तोवर तक्त्यात एक ओळ वाढवा: 'पलासिया (संदर्भ), ५२ घरं, ०'. बाकीच्या ओळींनाही नंबराऐवजी नाव द्या आणि शेजारी घरं किती ते लिहा. पान तेवढंच लागतं.