चिमटे गेले कुठे?

काकू, अहो काकू! कपड्यांचे चार चिमटे उसने देता का? माझे रोज कमी होतात म्हणून आठ दिवस कामवालीवर डाफरत होते. काल सापडले, ह्यांच्या पँटीला! पायचा चेनमध्ये अडकू नये म्हणून दोन्हीकडे एकेक लावून निघाले होते.

म्हणजे तुम्हाला कळलंच नाही? हे सायकलने ऑफिसला जातात हल्ली. बावन्नाव्या वर्षी! तारनाका म्हणजे इथून चार-पाच किलोमीटर, पण हैदराबादभर बोभाटा असा, की जणू पायी पंढरपूरला निघालेत. पहिल्याच दिवशी वॉचमन म्हणाला, "साब, गाडी बेच डाले क्या?" दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अगदी हळू आवाजात, "भाऊजींची नोकरी ठीक आहे ना?" संध्याकाळी नांदेडहून आईचा फोन. काचीगुड्याहून रात्रीची गाडी सुटायच्या आत बातमी पोहोचलीसुद्धा!

आणि ऑफिसातली गंमत ऐका. गेटवरचा रखवालदार गाडी दिसली की खाडकन सलाम ठोकायचा. सायकल बघून त्यानं ह्यांना मागच्या दाराकडे पिटाळलं. स्कूटरच्या स्टँडवर सायकल लावायची नाही म्हणे. आता जनरेटरच्या आडोशाला, जाळीला साखळीनं बांधून ठेवतात.

अडिकमेटचा पूल मात्र ह्यांना चढवत नाही, उतरून हातात धरून नेतात. मला हे बोलले नाहीत हं, भाजीवाल्यानं सांगितलं. मागून बस भोंगा वाजवते, डावीकडून रिक्षा घुसते. पण उस्मानिया युनिव्हर्सिटीत शिरलं, झाडं लागली, ती आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडाची इमारत दिसली, की म्हणतात सगळा शीण जातो.

खरं सांगू, ही खोड मामंजींची. ते परभणीचे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. आपल्याकडच्या पोरांना पुढं शिकायचं तर उस्मानिया गाठायचं. औरंगाबादला विद्यापीठ निघालं ते 1958 मध्ये. मामंजींनी सायकल मनमाडच्या छोट्या गाडीत टाकून आणली, काचीगुड्याला उतरवली आणि तिथूनच टांग मारून खोलीवर. पुढची चार वर्षं रोज तिच्यावरून ह्याच आर्ट्स कॉलेजात. त्यांचे प्रोफेसरही सायकलनेच यायचे म्हणे. त्यांना कुणी विचारलं नाही, नोकरी गेली का म्हणून.

आता आमच्या भाच्याचं बघा. हायटेक सिटीत नोकरी, सायकल लाखाची. ऑफिसला जातो मोटारीनं. रविवारी पहाटे मोटारीच्या टपावर सायकल बांधतो आणि वीस-बावीस किलोमीटर लांब रिंगरोडला नेतो, चालवायला! हौ, सायकल मोटारीत बसून फिरायला जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारनं तिथं 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक सुरू केला, वर सौरपॅनेलचं छत. झकास आहे, मी स्वतः बघून आले. पण त्याचा आपल्या गल्लीला काय उपयोग? पेपरवाला पोऱ्या, दूधवाला, कॅरिअरला डबे लटकवून फिरणारा रंगारी, ह्यांचं पोट सायकलवर. ह्यांना आपल्या पुलावर हातभर पट्टासुद्धा नाही. छत मागत नाहीत हो ते, नुसतं रंगानं ओढलेली एक रेघ.

तुमच्या पुण्याचं नका सांगू, काकू. सायकलींचं शहर म्हणे! मागच्या दिवाळीत बघितलं की, ट्रॅकवर स्कूटरी लागलेल्या आणि एक भेळेची गाडी.

वजन? दोन किलो उतरलं होतं. मग परतीच्या वाटेवर मिरची भज्यांचा एक बंडीवाला भेटला, सायकल अगदी कढईशी उभी करता येते म्हणाले. आता वजन जागच्या जागी.

पावसाळ्यात मात्र नक्को, असं मी बजावलंय. नल्लकुंट्याकडं पाणी तुंबलं की खड्डा कुठला नि रस्ता कुठला. पण ऐकतात कुठले! काल रेनकोट काढून झटकून ठेवला, आणि मामंजींची जुनी पितळी घंटी माळ्यावरून उतरवून चिंचेनं घासत बसले होते.

तेवढे चिमटे द्या बाई. प्लास्टिकचे नक्को, लाकडीच द्या. प्लास्टिकचे अडिकमेटच्या पुलापर्यंतही टिकत नाहीत.