हरावं तर असं!

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाचा २०२३-२४चा हंगाम म्हणजे चिकाटीचा आदर्श! पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले, तेवढ्यानेच दमले आणि पुढचे सलग २८ हरले. एका हंगामातला हा एनबीएचा विक्रम. प्रशिक्षक माँटी विल्यम्स यांच्याशी सहा वर्षांचा, सुमारे ७.८५ कोटी डॉलरचा करार होता; एकाच हंगामात नारळ. ‘संघ विकून टाका’ असं प्रेक्षक घसा फोडून ओरडले. मालकांना ते बहुधा प्रोत्साहनच वाटलं असावं. चाहते म्हणून आमची तक्रार वेगळीच आहे. तळाच्या संघांना नवा खेळाडू आधी निवडण्याची जास्त संधी मिळते, म्हणे. ८२पैकी ६८ सामने हरून, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत हाती काय लागलं? पाचवा क्रमांक! गुणवत्ता यादीत पहिले, प्रवेश मात्र पाचव्या फेरीत. आता माणसाने हरावं तरी किती?