बाजाराच्या आड येऊ नका

अन्नधान्याचा व्यापार मोकळा सोडला की कोणी उपाशी राहत नाही, असे जाणकार सांगतात. आपल्यातल्या शंकेखोरांसाठी १८७६ ते ७८ च्या दुष्काळाचा दाखला देतो. तो फार दूरचाही नाही, आपल्याच दख्खनेतला आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची भूमिका स्वच्छ होती. धान्याचे भाव खाली आणण्यासाठी सरकारने बोटही हलवायचे नाही. भाव चढले की व्यापारी माल आणतील आणि मग भाव उतरतील. यातला पहिला भाग तंतोतंत खरा ठरला. दुसऱ्यासाठी लोकांनी थोडा दम धरायला हवा होता. दिमतीला रेल्वेही होती. मात्र आगगाडी जशी धान्य आणते तशी नेतेही. १८७७-७८ मध्ये हिंदुस्थानातून सुमारे ३ लाख २० हजार टन गहू इंग्लंडला गेला, तोवरचा उच्चांक. ज्याच्या गाठीला पैसा त्याच्या दारी धान्य, याहून सरळ न्याय कोणता? सोलापूरच्या मजुराकडे भूक होती, मागणी नव्हती.

सर रिचर्ड टेंपल यांच्याविषयी तर आदरानेच लिहिले पाहिजे. १८७४ साली बिहारात त्यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून माणसे जगवली होती. या उधळपट्टीबद्दल त्यांना बरेच बोल ऐकावे लागले. थोर माणसे चुकांतून शिकतात. १८७७ मध्ये त्यांनी दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. तेवढ्यावर दिवसभर खडी कशी फोडायची, असा आक्षेप मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतला; पण ते पडले डॉक्टर, त्यांना हिशेबातले काय कळणार! पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही सरकारदरबारी लिहून पाहिले. मुंबई इलाख्यात तर मजुरांनी चक्क संप केला. आता उपाशी माणसाच्या अंगात संप करण्याइतकी ताकद येईल कुठून? ती होती, त्याअर्थी एक पौंड पुरत असणार.

मेलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या पुढे गेला. टेंपलसाहेब १८७७ सालीच मुंबईचे गव्हर्नर झाले. सरकार सदैव हात बांधूनच बसते, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. १८७८ च्या अखेरीस अफगाणिस्तानात फौज धाडायची वेळ आली, तेव्हा ते काम बाजारावर सोपवले नव्हते.