जाहिरात पळवण्याची वर्गणी

१९९९ साली अमेरिकेत कार्यक्रम रेकॉर्ड करणारा टिव्होचा डबा आला आणि टीव्हीवरच्या जाहिराती पुढे पळवायचं सुख महिन्याच्या वर्गणीवर मिळू लागलं. एकरकमी 'आजन्म' वर्गणीही होती. आयुष्य मात्र डब्याचं मोजायचं, गिऱ्हाइकाचं नव्हे. मग केबलवाल्यांनी आणि सॅटेलाइटवाल्यांनी स्वतःचेच डबे भाड्याने दिले, तेव्हा टिव्होवाले पेटंटसाठी कोर्टाची पायरी चढले. डिश आणि इकोस्टार या कंपन्यांकडून २०११ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड पदरात पडली. (रेकॉर्डिंगपेक्षा फिर्याद बरी!) दरम्यान, जाहिरात पळवताना पडद्यावर दुसरी जाहिरात दाखवायची सोयही टिव्होनेच केली होती. पुढे स्ट्रीमिंग आलं आणि रेकॉर्ड करायचं कारणच संपत गेलं. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने अमेरिकेत ६.९९ डॉलरची स्वस्त योजना काढली, जाहिरातींसकट. त्या पुढे पळवता येत नाहीत.