बेचाळीसचा भाव

थंडी पडली की उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात आणि शिरूरला आमचा आतेभाऊ. रोहितांचं एक बरं असतं. ते भिगवणला येतात, चिखलात चोच घालतात, मिळेल ते खातात आणि मुकाट्याने निघून जातात. 'आमच्याकडे चिखलसुद्धा किती स्वच्छ असतो' असं एकही रोहित म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

आतेभाऊ न्यू जर्सीला राहतो. तो गेला १९९८ च्या शेवटी, डॉलर बेचाळीस रुपयांच्या आसपास असताना. डॉलर पुढे पन्नास, साठ, सत्तर करत नव्वदीला टेकला, पण आतेभावाच्या डोक्यातला रुपया त्या दिवशी विमानतळावर जो थांबला, तो थांबलाच. शिरूरच्या स्टँडबाहेर मिसळीचे ऐंशी रुपये सांगितले की तो आधी हादरतो. मग मनात भागाकार करून 'डॉलरभरसुद्धा नाही की' म्हणून हसतो. मग आपण गेल्या वर्षीही असंच हसलो होतो आणि तेव्हा साठच होते, हे आठवून पुन्हा हादरतो.

गुणाकार कुठे करायचा आणि भागाकार कुठे, याचे त्याचे नियम पक्के आहेत. तिकडच्या खर्चाला गुणाकार: "नुसते केस कापायचे अडीच हजार मोजतो मी, अण्णा!" इकडच्या खर्चाला भागाकार: "अख्ख्या घराच्या रंगाला फक्त सहाशे डॉलर? मग देऊन टाका ना." देऊन टाकायचे आम्ही, हे वेगळं सांगायला नको. राहिलेली भाऊबीज उरकून घ्यावी म्हणून माझ्या बहिणीने ओवाळलं, तर ताटात दहा डॉलरची नोट पडली. "नऊशे झाले, ताई!" ती नोट मोडायला ताई पुण्याला गेली. जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण वजा जाता हातात जे उरलं, ती ओवाळणी.

अर्थात आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. त्याचा पगार आम्ही नव्वदने गुणतो. त्याचं घरभाडं, विमा आणि पोरांच्या फिया मात्र डॉलरमध्येच राहू देतो. त्यामुळे त्याच्याकडे महिन्याला किती शिल्लक पडत असेल, याचा शिरूरमधला आकडा त्याच्या बँकेतल्या आकड्यापेक्षा नेहमीच मोठा असतो.

आमच्या घरातली खरी रिझर्व्ह बँक म्हणजे तात्या, माझे चुलते आणि आतेभावाचे मामा. तात्या रुपयाला चलन मानत नाहीत, कांद्याला मानतात. "कॉफी पाच डॉलरला पडते, मामा," असं आतेभाऊ म्हणाला, की तात्या क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "म्हणजे एक पिशवी कांदा. आणि येवढ्याशा कपात?" बाजार चढा असला तर तीच कॉफी दहा-बारा किलोवर येते आणि तात्यांना अमेरिकेत स्वस्ताई झाल्यासारखं वाटतं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले आणि तात्यांच्या लेखी डॉलर एका रात्रीत मजबूत झाला. दिल्लीत बसून अमेरिकेचं इतकं भलं कुणी केलं नसेल.

दौंडचा मामेभाऊ कुवेतला असतो. त्याचा दिनार पावणेतीनशे रुपयांच्या पुढे, त्यामुळे डॉलरवाल्याकडेही तो जरा वरूनच पाहतो. तात्यांनी त्यालाही सोडलं नाही. आखातात एकेकाळी आपला रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये त्यासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, तेव्हा त्याचा भाव, तात्यांच्या जुन्या हिशेबाने, तेरा रुपये पाच आणे चार पै. "कालपरवापर्यंत आमच्याच नोटांवर जेवत होते," तात्या म्हणाले. "मग तेव्हाच दोनचार हजार दिनार घेऊन ठेवायचे होते ना!" मामेभाऊ म्हणाला. तात्या गप्प झाले. त्या वर्षी कांद्याला भाव नसावा.

विनोदाचंही चलनासारखंच. आतेभाऊ तिकडे ऑफिसात विनोद करत नाही. कुणाच्या रंगावर, वजनावर, वयावर, देशावर बोलायचं नाही, याचा धडा त्याची कंपनी त्याच्याकडून दर वर्षी संगणकावर गिरवून घेते, वर परीक्षाही घेते, आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क पडतात. वर्षभर न केलेले हे सगळे विनोद तो डिसेंबरात शिरूरला घेऊन येतो. मालही १९९८ चाच: सरदारजी, विसराळू प्राध्यापक, लाटणं घेतलेली बायको. हे सगळे व्हॉट्सॲपवर येऊन, फिरून, मरूनही गेले, हे त्याला कुणी कळवलेलं नाही. कुणी हसत नाही. मग तो म्हणतो, "आपल्या लोकांना सेन्स ऑफ ह्यूमरच नाही."

हे मात्र खोटं आहे. इकडे विनोदाला गोष्ट लागत नाही, समोर माणूस लागतो. आतेभाऊ हाफपँट घालून चहाच्या टपरीवर गेला, तर न ओळखणारा एक जण बाकावरून म्हणाला, "काय साहेब, कापड कमी पडलं का?" सगळी टपरी हसली. घरी येऊन आतेभावाने आम्हाला समजावलं, की सुसंस्कृत समाजात माणूस आधी स्वतःवर विनोद करतो. तात्यांना ते पटेना. "स्वतःवर कशाला? आम्ही मेलो का?"

त्याची मुलगी तिकडेच वाढलेली, कॉलेजात जाणारी. तिला घेऊन दौंडला मामींकडे गेलो. मामींनी दारातच तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "किती सुटलीस गं बाई!"

"आजी, असं बोलायचं नसतं."

"काय वाईट बोलले? खात्यापित्या घरची दिसतेस."

मग पुतणीने शांतपणे यादी सांगितली. वजन काढायचं नाही, वय विचारायचं नाही, पगार, लग्न, मूलबाळ काहीच विचारायचं नाही. मामींना खरोखर प्रश्न पडला. "मग माणसं बोलतात तरी कशावर?"

"हवेवर, आजी."

उन्हाळ्यात बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या दौंडच्या हवेबद्दल मामींनी आजवर एकच शब्द वापरला आहे आणि तो इथे छापता येणार नाही.

आतेभावाला लेकीचा फार अभिमान वाटला. त्याच अभिमानात परतीच्या वाटेवर, चौफुल्याच्या अलीकडे, त्याने भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग आडनाव. तेही सांगितलं, पण ते चार जातींत सापडणारं निघालं. मग आतेभाऊ सहज स्वरात म्हणाला, "नाही, पण मूळचे कुठले?"

पोराने आरशातून एकदा पाहिलं. "एमएच बेचाळीस."

मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण हसू आवरेना. न्यू जर्सीत एका गोऱ्या शेजाऱ्याने आतेभावाला "मूळचे कुठले?" म्हणून विचारलं होतं. "एडिसनचा," असं सांगितल्यावर तो म्हणाला होता, "नाही, पण मूळचे?" त्या अपमानाची कहाणी आम्ही दर डिसेंबरला ऐकतो. मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, "बाबा, सेम क्वेश्चन." "ते वेगळं असतं," आतेभाऊ म्हणाला. सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ ला जातिभेदाविरुद्ध कायदा केला, तेव्हा तो चिडला होता. त्याच ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसंच विधेयक सही न करता परत धाडलं, तेव्हा त्याने मुद्दाम आम्हाला फोन केला. "तिकडे आपल्यात जात उरलीच नाही, अण्णा." त्याच फोनवर त्याने पुतण्यासाठी स्थळ सुचवलं, पोटजातीसकट.

चौफुल्याला रस्त्याकडेला कला केंद्रांच्या पाट्या दिसल्या. पुतणीला आत काय असतं ते सांगताना मी जपून शब्द निवडत होतो. त्या पाट्या लिहिणाऱ्यानेही तेच केलं असणार. जपून बोलायची विद्या काही अमेरिकेतून आलेली नाही. रेल्वेने १९७४ मध्ये थर्ड क्लास रद्द केला, म्हणजे दौंड स्टेशनात गाडी लागली की माणसं त्याच फळीवर सेकंड क्लासने बसू लागली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. तात्या पेपर वाचून म्हणाले होते, "पाटी बदलली हे बेस झालं. आता पाटीपासून वस्तीपर्यंत रस्ताही करा."

शिरूरला परदेशस्थ माणूस नवा नाही. आज रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन साहेब आहेत. एका रुपयाचे पंधरा-सोळा वॉन होतात, म्हणजे दहाचा चहा त्यांना दीडशेच्या वर पडतो, तरी बिचारे मुकाट पितात. पण या बाबतीत कर्नल विल्यम वॉलेसची बरोबरी कुणी करू शकलेलं नाही. घोडनदीच्या छावणीतल्या इंग्रजी फौजेचा हा अधिकारी १८०९ मध्ये इथेच वारला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात नोंद आहे, की शिरूरचे आणि आसपासच्या गावचे लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणून ठेवत. त्याचा पगार किती होता आणि त्याचे रुपये किती होत, हे शिरूरमध्ये कुणी सांगत नाही.

ही गोष्ट तात्यांनी परवा जेवताना आतेभावाला सांगितली आणि विचारलं, "तुझ्या नावाने गाव एखादं कणीस तरी ठेवील का रे?"

आतेभाऊ बराच विचारात पडला. मग त्याने मोबाइल काढला. "मामा, कणसाला सध्या भाव काय आहे?"

"तो भाव माणूस मेल्याशिवाय फुटत नाही," तात्या म्हणाले आणि कांद्याची फोड त्यांनी आपल्याच ताटात ओढून घेतली. त्या दिवशी कांदा चढा होता.