सडपातळ, सदाहरित, थंडी सोसणारं

मिनिआपोलिसच्या उपनगरात घर विकणारा एजंट तुम्हाला शाळा दाखवतो, तळं दाखवतो, तळघरातला गरम पाण्याचा बंबसुद्धा दाखवतो. शेजाऱ्याची खिडकी दाखवत नाही. घरं विकायचा हंगाम उन्हाळ्यात, आणि तेव्हा मधला मेपल पानांनी भरगच्च असतो. ऑक्टोबर सरता सरता तो सगळी पानं झाडून मोकळा होतो आणि मग कळतं, की आपला ओटा आणि शेजारच्या आजोबांचा ओटा अगदी समोरासमोर आहेत. मी फोडणी टाकून मान वर केली की आजोबा हात हलवतात. मीही झारा हलवते. पोह्यांपुरतं हे ठीक आहे. पण पुरणपोळ्या लाटताना, अंगात नवऱ्याचा जुना टी-शर्ट, कपाळावर कणीक, अशा अवतारात दर दोन मिनिटांनी आंतरराष्ट्रीय संबंध सांभाळायचे म्हणजे फार होतं.

खरं तर मी वाड्यात वाढलेली. आमच्याकडे कुणाचं काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि कुणाचं काय बिनसलंय हे आधी शेजारणीला कळे, मग नवऱ्याला. त्याचं कुणाला काही वाटत नसे. इथे मात्र आम्हाला आडोसा हवासा झाला. कुंपणाला आमच्या वसाहतीच्या नियमावलीत सहा फुटांची मर्यादा, आणि दोन्ही खिडक्या त्याच्या वर. झाडाच्या उंचीबद्दल नियमावली गप्प आहे. राहता राहिली जागा. दोन घरांमध्ये आमच्या वाट्याला जी पट्टी येते, तिच्यातून गवत कापायचं यंत्र जातं किंवा माणूस जातो, दोघं बरोबरीने जात नाहीत.

पुण्यात हा प्रश्नच आला नसता. बंगल्याच्या कंपाउंडला खोट्या अशोकाची रांग लावायची आणि विसरून जायचं. झाड सरळ वर जातं, आजूबाजूला कुणाला धक्का लावत नाही, पुणेरी स्वभावाला साजेसं. पण २०१९ च्या जानेवारीअखेर मिनिआपोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि टपालखात्याने त्या दिवशी पत्रं वाटायलाही नकार दिला होता. जिथे पोस्टमन बाहेर पडत नाही, तिथे अशोकाने काय उभं राहायचं?

तर अट अशी ठरली: उंच हवं, बारीक हवं, बारा महिने हिरवं हवं, आणि उणे तिशीत जगायला हवं. नर्सरीत प्रत्येक झाडाच्या गळ्यातली चिठ्ठी वाचत फिरताना मला वधू-वर सूचक मंडळाची वहीच उघडल्यासारखं झालं. उंची १२ ते १५ फूट, बांधा सडपातळ, वर्ण हिरवा, उन्हाची आवड, अपेक्षा माफक. पत्रिकासुद्धा असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने हिवाळ्यातल्या सरासरी नीचांकावरून देशाचे पट्टे पाडलेत, प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा. आम्ही वर्षानुवर्षं चौथ्या पट्ट्यात होतो, म्हणजे उणे ३० ते उणे २० फॅरनहाइट. २०२३ च्या नव्या नकाशात आमच्या भागाला बढती मिळून पाचवा पट्टा लागला. नवऱ्याला पगारवाढ झाल्याचा आनंद झाला आणि तो लगेच नाजूक झाडांच्या विभागाकडे वळला. मी चौथ्यावर अडून बसले. नकाशा सरासरीचा असतो, झाड एका रात्रीत मरतं.

शिवाय ही पत्रिका फक्त थंडी बघते. वारा कसा लागेल, ओल्या बर्फाचं ओझं किती पडेल, रात्री कोण चरायला येईल, यावर चकार शब्द नाही.

पहिलं स्थळ ‘एमराल्ड ग्रीन’ नावाच्या थुजाचं. थुजा मूळचा इकडचाच, पण हा वाण निघाला डेन्मार्कच्या एका रोपवाटिकेत, १९५० च्या सुमारास, आणि परदेशातून शिकून आल्याच्या तोऱ्यात माहेरी असा काही स्थिरावला की आता बँकेच्या पार्किंगपासून दंतवैद्याच्या दारापर्यंत तोच उभा. कात्री न लावता निमुळता राहतो, रुंदी जेमतेम तीन-चार फूट, आणि इतर थुजा हिवाळ्यात तपकिरी पडतात तेव्हा हा हिरवा. दुसरं स्थळ ‘स्कायरॉकेट’ ज्युनिपर. बारीक इतका की पाहुण्यांनी काळजी करावी. बर्फ साचला की फांद्या फाकतात, दोरीने बांधून ठेवावं लागतं. तिसरा ‘टेलर’ ज्युनिपर, नेब्रास्कातल्या टेलर या दोनशेही वस्ती नसलेल्या गावचा. उंची वीस फुटांपर्यंत, अंगकाठी तशीच सडसडीत, थंडी-वारा-दुष्काळ सगळं सोसलेला. एकच खोट, हिवाळ्यात अंगावर तांबूस छटा येते. नवऱ्याने तेवढ्यावरून नापसंती कळवली. रंगावरून चांगली स्थळं नाकारायची आपली परंपरा जुनी आहे.

एमराल्ड ठरला. मुहूर्त काढण्यापूर्वी ८११ ला फोन करावा लागला. अमेरिकेत अंगणात खड्डा खणायचा तर हा फोन आधी. पैसे पडत नाहीत. काही दिवसांत माणसं येतात आणि जमिनीखाली काय पुरलंय त्याच्या रेघा गवतावर मारून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, टेलिफोन-इंटरनेट नारिंगी. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या. सकाळी चहा घेऊन बाहेर गेल्या आणि फोटो काढून त्यांनी भिशीच्या ग्रुपवर टाकला, ‘सुनेने अंगणात रांगोळी घातली, जरा वाकडी आहे.’ त्या वाकडेपणात गॅसची नळी होती. सगळी रांग त्यामुळे हातभर सरकली.

ट्रकमधून झाडं उतरताच सासूबाईंनी एक डहाळी चुरगाळून हुंगली. ‘अगं, ही तर मोरपंखी! विद्येचं झाड. वहीत ठेवलं की अभ्यास येतो.’ आपली मोरपंखी म्हणजे थुजाची आशियातली चुलत बहीण. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला थुजाच्याच घरात धरत, आता तिला वेगळं बिऱ्हाड करून दिलंय. सासूबाईंना हे वाटप मान्य नाही. त्यांनी एक पान तोडून नातवाकडे वही मागितली. वही नव्हती. मग ते पान त्याच्या टॅबलेटच्या कव्हरात गेलं आणि तिथे अजून आहे. विद्येचं म्हणाल तर वाट बघतोय.

अरुंद झाड कमी जागेचं असतं, कमी कामाचं नसतं, हे खड्ड्यापाशी कळायला लागतं. झाड येतं ते मातीच्या गोळ्यासकट, गोळ्याभोवती गोणपाट, गोणपाटाभोवती तारेची जाळी. खड्डा रुंद हवा, गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, पण खोल नको. खोड खाली जिथे पसरट होऊन मुळांत शिरतं, तो भाग मातीच्या वर दिसायलाच हवा, नाहीतर झाड काही वर्षं सभ्यपणे जगतं आणि मग कारण न सांगता मरतं. गंमत अशी की नर्सरीच्या गोळ्यात तो भागच मातीखाली गाडलेला असतो. नवरा गुडघे टेकून, नाक खोडाला लावून, बोटांनी माती उकरत बसला. तांबूस, उभी सोलपटं सुटलेलं खोड एकेक इंच उघडं होत गेलं. वाटेत खोडालाच वेढा घातलेली, करंगळीएवढी एक मुळी निघाली. ती कापली नाही तर पुढे स्वतःच्याच झाडाचा गळा आवळते. मग कुठे खोडाला खांदे फुटल्यासारखा तो पसरट भाग दिसला. इतक्यात स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अगं, उलथनं कुठे गेलं?’ उलथनं नवऱ्याच्या हातात होतं.

आणि एवढं करून ऑक्टोबरात आतली पानं तपकिरी पडून गळायला लागली. ‘सदाहरित म्हणे!’ सासूबाई. त्यात काही वावगं नव्हतं, थुजा दरसाल शरदात आतली जुनी पानं टाकतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. साताऱ्यात ‘बरं’चे जे अर्थ होतात त्यांतला हा कुठला, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी बरोबर कळतं.

गळणाऱ्या पानांची काळजी नव्हती; थुजा खाण्याचा इतिहास मात्र मोठा आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या क्वेबेक शहराजवळ बर्फात अडकला. माणसं ११०, ताजी भाजी शून्य. स्कर्व्हीने हिरड्या सडून त्यांतली २५ मेली. तेव्हा दोमागाया या तिथल्या रहिवाशाने एका झाडाच्या पानांचा आणि सालीचा काढा सांगितला. ते झाड थुजाच असावं, असं बरेच जाणकार मानतात. काढा लागू पडला, आणि खलाशांनी एक अख्खं मोठं झाड आठवड्याभरात उकळून संपवलं. थुजाला ‘जीवनवृक्ष’ अशा अर्थाचं लॅटिन नाव चिकटलं ते या गोष्टीमुळे, असं सांगतात. दोमागायाला काय मिळालं? वसंतात कार्तिएने त्याला, त्याच्या वडिलांना आणि आणखी काहींना पकडून फ्रान्सला नेलं. दोमागाया परतला नाही. आपल्याकडे काढा सांगणाऱ्या आजीला निदान दुसऱ्या दिवशी ‘आता कसं वाटतंय’ हे सांगायला कुणीतरी जातं.

मिनेसोटाच्या हरणांना आठवडाही लागत नाही. पहिल्याच जानेवारीत एका रात्रीत ती आली, आणि सकाळी बर्फावर खुरांचे ठसे आणि मान पोचेल तिथपर्यंत नुसत्या काड्या. वर तेवढा हिरवा शेंडा शिल्लक. कडाक्याच्या हिवाळ्यात थुजा हे हरणांचं आवडतं खाणं, उत्तरेच्या जंगलात त्यांचे कळप थुजाच्या राईतच हिवाळा काढतात. त्यात आमच्याकडे ओळीने वाढून ठेवलेलं. बरं, जुन्या लाकडाला हे झाड पुन्हा सहसा पालवी धरत नाही. खाल्लं ते गेलं. व्हिडिओ कॉलवर मी सासूबाईंना सगळं दाखवलं. ‘कुणी खाल्लं?’ ‘हरणांनी.’ ‘मग पुण्य लागलं. किंमत काय होती?’

यावर दुकानात उपाय मिळतो: कुजवलेल्या अंड्याचा आणि लसणीचा फवारा. वासाने हरणं तोंड लावत नाहीत. थंडी पडायच्या आधी मारायचा, आणि नंतरही अधूनमधून. म्हणजे ऐन चातुर्मासात. पुढच्या शरदात सासूबाई परत आल्या होत्या, घरात कांदा-लसूण बंद, आणि खिडकीबाहेर त्यांचा मुलगा तोंडाला फडकं बांधून अंडं-लसूण शिंपडतोय. त्यांनी खिडकी बंद केली, मुलाला बाहेरच्या नळावर आंघोळ करायला सांगितलं, आणि पाणी गोठत आलंय हे कळल्यावर सवलत म्हणून गराजमध्ये.

हरणांतून वाचलेल्या झाडांना थंडी मारत नाही. मारते ती तहान. फेब्रुवारीत लख्ख ऊन पडतं, वारा सुटतो, पानांतून पाणी उडत राहतं आणि मुळं गोठलेल्या जमिनीत अडकलेली असतात, वर काही पाठवू शकत नाहीत. मग नैर्ऋत्येची बाजू भाजल्यासारखी तांबडी होते. म्हणून जमीन गोठेपर्यंत पाणी घालत राहायचं. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे माणसांच्या आधी झाडांची आंघोळ होते. त्यानंतर वाऱ्याच्या बाजूला खुंट ठोकून गोणपाटाचा पडदा. हे कसं करायचं ते शेजारच्या आजोबांनी शिकवलं. खुंट त्यांचे, हातोडी त्यांची, उत्साह तर आमच्याहून जास्त. मला संकोच वाटत होता, शेवटी ही भिंत त्यांच्याच तोंडावर उठत होती. तसं मी चाचरत म्हणाले. आजोबांनी मोठ्या अदबीने सांगितलं, की त्या बाजूला काहीतरी लावावं असं त्यांच्या मनात आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच होतं, खर्चाकडे बघून थांबले होते.

एमराल्ड वर्षाला फूटभरही वाढत नाही. सध्या खिडकीला पडदा आहे, वीस डॉलरचा. हरणांनी नासवलेल्या झाडांच्या जागी आम्ही टेलर लावले. ज्युनिपर हरणांना फारसा रुचत नाही, आणि हिवाळ्यातला तो तांबूस रंग आता नवऱ्याला ‘भारदस्त’ वाटतो. माझं मत विचाराल तर रांग अशी मिसळच असावी. एकाच जातीची लावली की एका रात्रीत सगळी जाते.

तेव्हा शिकागो, टोरांटो, मिनिआपोलिस, जिथे कुठे असाल तिथे असा हिरवा आडोसा करायचा विचार असेल, तर नर्सरीवाल्याला थंडीबद्दल विचारत बसू नका, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. हरणांबद्दल विचारा. आणि फवारा घेणार असाल तर कृपा करून आधी कालनिर्णय बघा.